अकरा वेळा निलंबित

हसू नका, पण कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये बसून मी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आइस हॉकीवाल्यांचं भवितव्य ठरवते. मॅच बघायच्या आणि पोरगा व्यावसायिक संघात घेण्याजोगा आहे का, ते लिहून पाठवायचं. एकदा घरून काम करताना बाबा मागे येऊन उभे राहिले. खिदिरपूर गोदीतले निवृत्त साहेब!

"हा बाहेर का बसलाय?"

"धक्काबुक्की केली, म्हणून दोन मिनिटांची शिक्षा. या मोसमात अकराव्यांदा."

"अकरा वेळा निलंबन, आणि दर वेळी दोन मिनिटांत पुन्हा कामावर? वशिला दांडगा आहे. बढती पक्की!"

मी हसून 'शिफारस नाही' लिहिलं. महिन्याभरात त्याला मोठ्या संघाने घेतलं.

आता बाबांच्या सहीशिवाय माझा अहवाल जात नाही.