पलीकडच्या काठावरचं बोलणं

जेनीन : चष्मा पूस ना आजी. पिवळ्या जाकिटातला काय म्हणाला?

आजी : पुसलाय गं. म्हणाला, दोरी सैल सोड.

जेनीन : आणि ती पोलीस बाई?

आजी : पाठमोरी आहे. पाठीवरनं वाचायला मी काय देव आहे? ओठ दिसायला हवेत.

जेनीन : जन्मभर गिरणीत मागावर उभी राहून ओठ वाचलेस ना पण!

आजी : म्हणून तर सांगते. शेडमधे सगळे माग एकदम सुरू झाले की स्वतःचा आवाजही कळायचा नाही. सगळं बोलणं ओठांवरनं वाचायचं. मुकादमाला त्याच्यादेखत शिव्या द्यायचो आम्ही, मेला हसून मान डोलवायचा.

जेनीन : मला का अडवलंय इथे? पोलिसांची ही फीत ओलांडली तर काय करतील?

आजी : काठ पोकळ झालाय, बाई. त्यात तू आणि पडशील.

जेनीन : माझ्या विल्फनं बूट काढून ठेवलेत, आजी. दोन्ही, शेजारी शेजारी. पाय घसरलेलं पोर बूट काढून ठेवत नाही. तो ठरवून उतरला. कशासाठी?

आजी : थांब, चष्म्यावर परत वाफ धरली.

जेनीन : तूच सांगितलंस ना त्याला सोनेरी माशांचं?

आजी : खोटं नाही सांगितलं गं. गिरणीच्या वाफेच्या इंजिनाचं ऊन पाणी ह्याच तळ्यात सोडायचे. जत्रेत जिंकलेले मासे आम्ही इथे आणून टाकायचो, वीतभर व्हायचे. बर्फ पडत असताना पोहलेय मी इथे.

जेनीन : इंजिन बंद झालं तेव्हा माझी आई पाळण्यात होती! आता त्या गिरणीत लोकांचे फ्लॅट आहेत. आपलाही. ‘पाण्याकाठी राहा’ म्हणे. मीच भुलले त्या जाहिरातीला.

आजी : पूर्वी असं होतं, म्हटलं मी. पूर्वी.

जेनीन : सहा वर्षांचा आहे तो. पूर्वी म्हणजे गेला रविवार! गिरणीची चिमणी अजून उभी दिसते त्याला. त्याला वाटलं असेल, पाणी ऊनच आहे.

आजी : मार मला, जेनीन. हवं तेवढं मार.

जेनीन : नंतर. आत्ता बघ. पाणबुड्या वर आला.

(पलीकडे दोघेजण पाण्यावर वाकतात. तिसरा टोपी काढतो.)

जेनीन : काय बोलला तो? आजी! बोलला ना काहीतरी?

आजी : चहा... चहा मागतोय. गारठलाय बिचारा.

जेनीन : चहा मागायला टोपी काढतात?

आजी : नीट दिसलं नाही गं, ऊन डोळ्यांवर येतंय.

जेनीन : कुठलं ऊन? नोव्हेंबर आहे. आजी, खिडकीच्या काचेतून तूच शिकवलंयस मला ओठ वाचायला थोडंथोडं. ‘आई’ म्हणाला तो. तेवढं कळलं मला. पुढचं सांग.

आजी : आधी खाली बस. ह्या दगडावर. हात दे तुझा.

जेनीन : सांग.

आजी : म्हणाला, आईला इतक्यात इकडे येऊ देऊ नका.