बुवांच्या वाटीतला कडुनिंब

मंडळी, ऐका. उद्या पाडवा, म्हणून आज एकच प्रश्न. आपल्याला कडू पचलं, हे माणसाला कळावं कसं? खांबाजवळचे काका, मान डोलवू नका, तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं — आणि मी तीस वर्षं हेच सांगून टाळ्या घेत होतो!

पाडव्याला सकाळी आपण कडुनिंबाची चटणी खातो. कोवळा पाला, फुलं, भिजलेली डाळ, हिंग, गूळ. मी कीर्तनात छाती काढून सांगायचो, 'मला निंब कडू लागतच नाही! सुखदुःख समान झालं!' आणि खरंच लागत नसे हो. दरसाल वाटीभर खायचो, गोड लागायची. वाटायचं, साधना फळाला आली — आता देवानं भेटायला यायचं तेवढं बाकी!

मागल्या वर्षी मुलाचं लग्न झालं, मृणाल सून म्हणून आली. तिचा पहिला पाडवा, म्हणून तिचे वडील दामोदरपंत सकाळीच गुढीला आलेले. आमच्या हिचा हात प्लास्टरात, तेव्हा चटणी सुनेनं वाटली. मी व्याह्यांदेखत ऐटीत मोठा घास घेतला — आणि काय सांगू! जीभ कडू, घसा कडू, कानसुद्धा कडू! आमचं वैराग्य धावत अंगणात गेलं आणि थुंकून आलं. वर मी सुनेला विचारलं, "माहेरी एवढंही शिकवलं नाही?"

बाप समोर बसलेला, बरं का. पंतांनी वाटी खाली ठेवली, हात धुतले आणि मुलीला म्हणाले, "पिशवी भर. चार दिवस घरी चल."

अशा चार दिवसांचे किती होतात, ते तुम्ही जाणता. मुलगा माझ्याकडे बघेना. पोरीच्या डोळ्यांत पाणी. ती एवढंच म्हणाली, "मामंजी, तुमचंच कीर्तन ऐकून केली. पाला मूठभर, गूळ सुपारीएवढा."

मग आमची ही बोलली. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी म्हणे चटणीची वाटी भिरकावली होती. मला आठवतही नाही! तेव्हापासून ती माझी वाटी वेगळी करायची. डाळ, गूळ आणि हिरव्या रंगापुरती कोथिंबीर. मंडळी, तीस वर्षं मी कोथिंबीर खाऊन विरक्त झालो होतो! सुनेला हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

"कडू आम्ही खातो," ही म्हणाली, "यांच्या वाटणीचंसुद्धा."

लाज वाटली हो, फार लाज वाटली. व्याह्यांपुढे हात जोडले. म्हटलं, "पंत, वळण तिला आहे, मलाच नाही. सूनबाई, मी चुकलो." आणि ती वाटी ओढून सगळी खाल्ली. नाकातोंडातून पाणी आलं, पण कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं पंत पुन्हा पाटावर बसले आणि लेकीला म्हणाले, "चहा टाक. बुवांना संध्याकाळी गायचंय."

हसताय? हसा, हसा. पण उद्या तुमची वाटी गोड लागली, तर आपण संत झालो असं समजू नका. उठा, स्वयंपाकघरात जा, आणि घरधनिणीच्या वाटीतला एक घास मागून खा.