लोखंडी मेंढा

खोटेपणा मी आयुष्यात एकदाच मन लावून केला. दुबईपलीकडे रास अल खैमाजवळच्या एका नेमबाजीच्या रेंजवर कामाला होतो, नव्वदच्या दशकात.

तिथे एक वयस्कर अरबी गृहस्थ यायचे. आम्ही त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचो. त्यांची रायफल जुनी, खालचा दांडा ओढून गोळी भरायची. लांबवर ओट्यावर निशाण म्हणून मेंढ्याच्या आकाराचा लोखंडी पत्रा, लोखंडी मेंढा, उभा ठेवलेला असायचा, तो पाडायचा. हलकी गोळी लागली तर मेंढा नुसता हलतो. पाडायला शिशाची ओतीव, जड गोळीच लागते. पण ती खांद्याला असा दणका द्यायची की अरबाबना दोन दिवस हात वर करता यायचा नाही. डॉक्टर खांद्याला औषध देत होते आणि जड गोळी नको म्हणत होते.

मी एकदा म्हटलं, "अरबाब, हलकी लो ना."

"हलकी बच्चों के लिए. यल्ला, भारी दे."

मग मी गुपचूप हलकीच द्यायला लागलो आणि मेंढा ओट्याच्या अगदी कडेला ठेवायला लागलो. गोळी लागली की पडायचा. अरबाब खूश.

दोन महिने निभावलं. एक दिवस त्यांनी नेम धरला, तेवढ्यात वारा सुटला आणि गोळी झाडायच्या आधीच मेंढा खाली.

म्हटलं खलास, आता गावचं तिकीट.

त्यांनी रायफल बाजूला ठेवली. आधी गोळ्यांच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दो महीने से दर्द नहीं. और मैं दुआ डॉक्टर को दे रहा था."