माडीवरची खोली

टाळ थांबवा जरा! पेटीही राहू द्या, ओहोळ मास्तर. कीर्तन आहे, पद पुन्हा येणार आहे, पळून जात नाही कुठं.

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. दार सताड उघडं ठेवलं, वर मोठी पाटी लावली — 'सर्वांचे स्वागत' — तर झालं का सगळ्यांचं स्वागत? अहो, लगेच मान डोलावू नका! तुम्ही मान फार लवकर डोलावता. आधी ऐका, मग डोलावा.

एक विद्यापीठ होतं. टेकडीवरचं, मोठं. तिथं ख्रिस्ती पोरांच्या उपासनेसाठी पाळक म्हणून नेमल्या रेव्हरंड शालिनीबाई अमोलिक. बाई पाळक? हो, बाई! मागच्या बाकावर कोण खाकरलं? दादा, पाणी प्या आणि ऐका.

आता विद्यापीठातली आपली पोरं कशी? वसईची कॅथलिक पोरं वसतिगृहाच्या गच्चीवर माळ घेऊन रोझरी म्हणणार. आपली नगर-जालन्याची पोरं झाडाखाली भजन करणार. मिझोरामची पोरं गिटार घेऊन तिसरीकडेच! प्रभू एक, आणि पोरं एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नव्हती. मग एक मुलगी बाईंकडे आली. एस्तेर हिवाळे, जालन्याची, गणित शिकायला आलेली. लहानपणी अपघात झाला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीवर. जिभेला मात्र धार! म्हणाली, "बाई, एवढे सगळे ख्रिस्ती आणि एकत्र 'आमेन' म्हणायची सोय नाही? तुम्ही पगार कशाचा घेता?"

बाईंना लागलं ते. मनाला लागलं! त्या कामाला लागल्या. ग्रंथालयासमोरच्या पिंपरणीखाली, जिथवर डांबरी रस्ता जातो तिथं, सगळ्यांना दर रविवारी बोलावू लागल्या; कधी हा गट येई, कधी तो. पहिल्याच रविवारी एस्तेर सगळ्यांच्या आधी हजर!

पण झाडाखाली किती दिवस? पावसात काय करायचं? बाई कुलसचिवांकडे गेल्या. साहेब सरळ माणूस, पण नियमाचा पक्का. म्हणाले, "बाई, जुन्या इमारतीत माडीवर एक खोली रिकामी आहे. बुद्धिबळवालेही मागतायत. तुमचे तीन गट तीन दिशांना, मी खोली कुणाला देऊ? येत्या रविवारी सगळ्यांची एक प्रार्थना त्या खोलीत करून दाखवा, मी स्वतः येतो. जमलं तर खोली तुमची."

माडीवरची खोली! मंडळी, बाईंच्या अंगावर काटा आला. अहो, प्रभूनं शेवटचं भोजन कुठं घेतलं? माडीवर! शिष्य प्रार्थनेला कुठं जमले? माडीवर! बाई म्हणाल्या, ही देवाचीच खूण. आपल्या माणसांना खूण दिसली की मग पुढचं काही दिसत नाही!

आणि सुरू झाली काळजी. अन्न गोड लागेना. वसईचा एल्टन डाबरे येईल का, की त्याच्या चर्चचे फादर नको म्हणतील? त्याच्यासाठी ठरलं, प्रभुभोजन नको, त्याची रीत पंथापंथांत वेगळी; नुसती प्रार्थना. मिझोरामची रेमी म्हणाली, "मराठी आम्हाला कळत नाही." तिच्यासाठी एक गीत इंग्रजीत. मग आपली जालन्याची पोरं रुसली, "आमची पेटी कुठं गेली?" पेटी आली! एकाची समजूत काढावी तर दुसरा फुगून बसे. बाईंचा जीव टांगणीला. एकजण जरी गळला तरी खोली गेली!

शनिवारी दुपारी सगळं जमलं. बाईंनी हातानं पाटी रंगवली — 'सर्वांचे स्वागत'. ती सुकायला ठेवून चहाला खाली उतरल्या, तर समोर एस्तेर.

"एस्तेर बाळा, उद्या वेळेवर ये हं! तूच तर सुरुवात केलीस."

"कुठं येऊ, बाई?"

"अगं, माडीवर..."

आणि बाईंच्या डोळ्यांपुढं जिना आला. लिफ्ट नाही. अरुंद लाकडी जिना. खोली मागताना, झाडताना, पाटी रंगवताना त्या किती वेळा तो जिना चढल्या होत्या! एकदाही आठवलं नाही.

एल्टन तिथंच होता. पोरगा मनाचा चांगला. म्हणाला, "त्यात काय एवढं! आम्ही खुर्चीसकट उचलून नेऊ तुला."

एस्तेर म्हणाली, "आणि मला मध्येच उठून जावंसं वाटलं तर? तुम्ही मला उचलून आणाल, पण मग तुम्ही उतरवाल तेव्हाच मी उतरायचं. प्रवचन कंटाळवाणं झालं तर तू बाहेर सटकतोस, एल्टन. मलाही सटकता आलं पाहिजे." हसली. हसता हसता डोळे भरले तिचे. "जाऊ द्या, बाई. खोली घालवू नका. मी आपली पिंपरणीखाली बसेन."

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? बोला ना! "एकीसाठी बाकीच्यांचं नुकसान कशाला?" असंच म्हणाला असता. बाईही तेच म्हणत होत्या. रात्रभर स्वतःला तेच समजावत होत्या.

रविवार उजाडला. खोली भरली. वसई आली, जालना आलं, मिझोराम आलं! पुढच्या खुर्चीवर कुलसचिव. पेटी वाजली, गिटार वाजली. साहेबांचा चेहरा खुलला. खोली मिळाली, म्हणा ना! आणि बाईंची नजर मात्र जिन्याकडे.

मग आली शांतीची भेट. आपल्यात रीत आहे, माहीत आहे तुम्हाला. उपासनेत शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, 'प्रभूची शांती तुम्हास असो.' एल्टननं रेमीचा हात धरला. सगळे एकमेकांकडे वळले. बाईंनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "मला जिला शांती द्यायची आहे, ती खाली बसली आहे. मी जाते."

आणि निघाल्या! जिना उतरू लागल्या. मागं कुणाचं पाऊल वाजेना. मनात एकच, संपलं सगळं, इतक्या महिन्यांची मेहनत माझ्या हातानं मातीत घातली. तळाशी पोचल्या.

मग वर लाकूड करकरलं. रेमी, गळ्यात गिटार. मागं एल्टन. मागं पेटी डोक्यावर घेतलेला जालन्याचा पोरगा. सगळे!

पिंपरणीखाली एस्तेर चिडली. "कशाला आलात? खोली गेली ना!"

बाईंनी तिचा हात धरला. "गेली असेल. प्रभूची शांती तुला असो, एस्तेर."

मंडळी, तुम्हाला वाटलं असेल, साहेबांचे डोळे पाणावले आणि त्यांनी तळमजल्याची खोली दिली. नाही दिली! साहेब म्हणाले, "बाई, ठरलं होतं खोलीत." खोली बुद्धिबळवाल्यांना गेली. आपली पोरं अजून पिंपरणीखालीच बसतात. पावसात छत्र्या धरतात, गिटारीवर प्लास्टिक टाकतात. पण एकही गट फुटला नाही. आणि एस्तेर? एकदा प्रवचन लांबलं तेव्हा खुर्ची वळवून चहाला निघून गेली, सगळ्यांदेखत! बाईंना इतका आनंद झाला म्हणता!

हं, मास्तर, आता पेटी!

*दार उघडे, दीप लाविला, स्वामी हाका मारितो।*
*आत जमल्या मंडळींना 'कोण बाहेर?' पुसितो॥*

थांबा. एवढ्यात टाळ्या नकोत.

मघाशी मी तुमच्या या ख्रिस्तमंदिरात आलो. सुंदर मंदिर! नवी फरशी, नवा रंग, दारावर पाटी. आणि दाराला पायऱ्या, चांगल्या उंच. येताना मला त्या लिंबाखाली रिक्षा दिसली. आत एक म्हातारी माउली बसली आहे. मला वाटलं कुणाची वाट बघत असेल. ती भोंग्यावर कीर्तन ऐकते आहे हो! मी विचारलं, "आजी, आत का नाही येत?" म्हणाली, "गुडघे गेले, बाबा. दोन वर्षं झाली, इथूनच आमेन म्हणते."

कुणाची आई आहे ती? मला सांगू नका. तुम्हाला ठाऊक आहे.

खाली काय बघता? मी पाहुणा माणूस, उद्या जाईन. पण आजचा आशीर्वाद मी इथून देणार नाही. मास्तर, पेटी उचला. उठा सगळे. शांतीची भेट अजून व्हायची आहे, आणि ती लिंबाखाली होईल.

चपला नंतर शोधा. चला!