महिन्याचा मानकरी

(चाकण एमआयडीसीतल्या एका पार्ट्सच्या कंपनीचं कॅन्टीन. शनिवार, दुपारचे अडीच. सुपरवायझर उद्धवराव, कामगारांचे ‘आबा’, आणि त्यांच्यासमोर प्रेसशॉपमधल्या धनेशची बायको, विजयश्री.)

उद्धवराव : बक्षीस देऊ नका? आवो ताई, लोकं बक्षीस द्या म्हणून माझ्या मागं लागत्यात. असं सांगणाऱ्या तुमी पहिल्याच.

विजयश्री : नंतर द्या की साहेब. आज देऊ नका, एवढंच म्हणायलेय मी. आणि आज त्यांना लवकर घरी सोडा.

उद्धवराव : आसं कसं? साडेतीनला समद्यांसमोर कार्यक्रम हाय. मॅनेजर सायेब सवताच्या हातानं चांदीचं ताट देणार. महिन्याचा मानकरी! सत्तावीस कायझेन दिल्यात तुमच्या धनेशनं ह्या महिन्यात.

विजयश्री : ते असतं तरी काय? घरी उठल्याबसल्या तोच शब्द चाललाय.

उद्धवराव : काम सोपं व्हायला काय बदल करावा, ते कामगारानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. बाकीचे महिन्याला एक देत्यात, ती बी मी मागं लागल्यावर. ‘पंखा बसवा’ आसलं कायतरी. आन् ह्यो गडी सत्तावीस! वर डबल ड्युटी करतो. दमणं न्हाई, कुरकुर न्हाई. मी घरी पोराला त्याचा दाखला देतो. म्हणतो, बघ जरा धनेशकडं, दोन तास झोपतो, आन् तुला नऊ वाजता हाका माराव्या लागत्यात.

विजयश्री : दोन तास झोपतात, हे माहीत होतं तुम्हाला?

उद्धवराव : त्योच सांगतो की, छाती फुगवून.

विजयश्री : काल दीड तास. परवा दोन. त्याच्या आधी अडीच, तीन, परत अडीच, तीन. सहा रात्री झाल्या. मी वहीत लिहून ठेवते.

उद्धवराव : झोप लिहून ठेवता? ती कशापायी?

विजयश्री : डॉक्टरांनी सांगितलंय. साहेब, इथलं बोलणं इथंच राहील ना?

उद्धवराव : राहील. बोला.

विजयश्री : यांना बायपोलर आहे. मनाचा आजार असतो. कधी मन लई खाली जातं, कधी लई वर. खाली गेलं की चौदा-चौदा तास झोपतात, आणि उठून म्हणतात, विजू, मी दमलो. वर गेलं की दीड तास झोपतात आणि एकदम ताजे. मधले दिवस बरे असतात, तेव्हा सात तास. गोळ्या चालू असल्या आणि रात्रीची झोप जागेवर असली, तर वर्ष वर्ष काही होत नाही.

उद्धवराव : म्हंजी येडाचा झटका...

विजयश्री : साहेब.

उद्धवराव : चुकलं. आमच्याकडं त्याला दुसरा शब्दच न्हाई बघा. बोला तुमी.

विजयश्री : शुगर झालेल्याला कोणी असं म्हणत नाही. म्हणून तर आम्ही कुठं सांगत नाही.

उद्धवराव : पण ताई, गडी तर टवटवीत दिसतोय. आजारी माणूस आसा आसतो व्हय?

विजयश्री : तेच तर सांगायलेय. तुम्ही-मी दोन रात्री जागलो तर उभ्या-उभ्या डुलक्या देऊ. यांना डुलकीच येत नाही. न झोपता थकवा नाही, म्हणजे तब्येत बिघडायलीय. मलाही कळायला उशीर झाला. सकाळी उठले तर पाणी भरलेलं, भांडी घासलेली, वर चहा तयार. दोन दिवस मीसुद्धा मनात म्हटलं, बरं झालं बाई. आता माझीच लाज वाटते मला.

उद्धवराव : आन् झोप न्हाईच लागली, तर?

विजयश्री : तीन वर्षांमागं असंच झालं. पाचव्या दिवशी गाडी काढली आणि निघाले, कुठं ते त्यांनाही माहीत नव्हतं. नारायणगावच्या पुढं दुभाजकावर सापडले. खांदा मोडला होता. मला म्हणाले, मला वाटलं रस्ता आपणहून बाजूला होईल.

उद्धवराव : आई गं.

विजयश्री : तेव्हापासून डॉक्टरांनी सांगितलंय, सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली की घेऊन या. मी रोज म्हणते चला. हे म्हणतात, ड्युटी आहे, आबांनी थांबवलंय. रात्रीची गोळी पण सोडलीय. गोळीनं गुंगी येते, मग डबल कशी करू, म्हणतात.

उद्धवराव : डबल मीच लावली त्याला. दुसरं कोण थांबंना. आन् उभा कुठं केलाय, तर पत्रा दाबायच्या प्रेसवर. दोन माणसांची बोटं गेलेली मी ह्या डोळ्यांनी बघितल्यात, पोरी. कॅन्टीनचा फोन द्या तो हिकडं... हॅलो, धनेश? मशिन बंद कर आन् कॅन्टीनला ये. व्हय, बंद. काम राहू दे. आत्ताच ये.

विजयश्री : रागावतील माझ्यावर.

उद्धवराव : रागावू द्या. हात जाग्यावर ऱ्हातील.

धनेश : आबा, बरं झालं बोलावलं, अठ्ठाविसावं सापडलं! स्क्रॅपची पेटी उजव्या हाताला का? डाव्या हाताला ठेवली तर एका पीसमागं दोन सेकंद, आता दिवसाचे पीस धरा, आणि ते सोडा, एकोणतिसावं त्याच्याहून भारी, माणूस आठ तास झोपतो म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा स्क्रॅप! सरळ स्क्रॅप, आबा! मी मॅनेजर साहेबांना स्टेजवर सांगणारच आहे की... विजू? तू इथं काय करायलीस?

विजयश्री : तुम्हाला न्यायला आले.

धनेश : सांगितलंस? यांना सांगितलंस तू?

विजयश्री : सांगितलं.

धनेश : आज? आजच्या दिवशी? अगं, आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव माइकवर घेणार आहेत! फोटो लागणार आहे गेटवर. एक दिवस थांबता आलं नाही तुला?

विजयश्री : एकेक दिवस म्हणत सहा झाले हो.

धनेश : आबा, हिचं ऐकू नका. मी एकदम फिट आहे. बघा, हात बघा, थरथरतोय का?

उद्धवराव : बस जरा.

धनेश : बसायला वेळ नाही, साडेतीनला...

उद्धवराव : बस म्हणतो ना मी.

धनेश : बसलो. बोला. तुम्हीच सांगा हिला. गेल्या वर्षी मी झोपून होतो, तेव्हा कोण होतं माझं? पोरं कुंभकर्ण म्हणायची. तुम्ही मेमो हातात ठेवलात. आता झोपत नाही, तर टाळ्या. मग मी काय करायचं आबा? झोपलेला धनेश कोणाला पाहिजे?

विजयश्री : मला पाहिजे.

धनेश : तू बायको आहेस. तुला काय, पदरी पडलोय.

विजयश्री : पदरी पडलेल्यासाठी कोणी दोन रिक्षा बदलून उन्हात चाकणला येत नाही.

उद्धवराव : धनेश, माझं ऐक. त्या सत्तावीस चिठ्ठ्या म्या वाचल्या न्हाईत.

धनेश : काय?

उद्धवराव : वरून आकडा मागत्यात, मी आकडा पाठवतो. पहिल्या चार-पाच वाचल्या, चांगल्या व्हत्या, लाइनला लावल्या. मागल्या आठवड्यातल्या तर वाचता बी येत न्हाईत. अक्षर नुसतं पळतंय. ते बघून तरी मला कळायला पायजे व्हतं. तवा तुला मेमो दिला, आता ताट देतोय. दोन्ही टायमाला तू आजारी व्हतास आन् मी एकदा बी ‘कसा हायेस’ म्हणून विचारलं न्हाई. चूक माझी हाय, गड्या.

धनेश : म्हणजे ताट नाही.

उद्धवराव : ताट तुझंच हाय. तू बरा होऊन ये, सायबांच्या हातानं देतो.

धनेश : तेव्हा कोण टाळ्या वाजवणार? आज सगळे जमणार होते, आबा. सगळे.

विजयश्री : अहो, रडू नका. माझ्याकडं बघा.

धनेश : तुला नाही कळायचं, विजू. असं वाटतं ना, आतमध्ये सगळे दिवे लागलेत. गोळी खाल्ली की एकेक विझतो. मग डोकं नुसतं कोरं. काही सुचत नाही.

विजयश्री : सुचतं की. गेल्या दिवाळीच्या आधी सात-सात तास झोपत होतात. तेव्हाच तर जेवता-जेवता म्हणालात, माल जमिनीवर ठेवतात, सगळ्यांना वाकावं लागतं, कमरेएवढा स्टँड करायला पाहिजे.

उद्धवराव : त्यो स्टँड ह्याचा? आरं, त्या स्टँडनं माझी कंबर वाचली!

धनेश : एकच होतं ते. अख्ख्या तीन महिन्यांत एक.

उद्धवराव : समद्या शॉपची कंबर वाचली, आन् एकच म्हणतोस व्हय?

विजयश्री : साहेब, ऑफिसात काय सांगणार तुम्ही?

उद्धवराव : पोट बिघडलं म्हणून सांगतो.

विजयश्री : खोटं नको. नंतर यांनाच निभवावं लागतं ते. तब्येत बरी नाही म्हणा, आजाराचं नाव सांगू नका. आणि डॉक्टरांनी रात्रपाळी नको म्हणून लिहून दिलं, तर चालेल ना?

उद्धवराव : आणा लिहून. पहिल्या पाळीला घेतो. डबलचं नाव काढणार न्हाई, ह्यो पाया पडला तरी. आत्ता कंपनीची गाडी देतो, डायरेक दवाखान्यात जावा. ह्याला दुचाकीला हात लावू देऊ नका.

धनेश : विजू, मी आज झोपलो आणि परत गेल्या वर्षीसारखा उठलोच नाही तर?

विजयश्री : तर मी उठवीन. आणि नाही उठवता आलं, तर बाजूला बसून राहीन. गेल्या वर्षी काय केलं मी?

धनेश : बसली होतीस.

विजयश्री : चला मग.

धनेश : आबा, एक सांगा. खरं सांगा. मी परत आलो, आणि मला काहीच सुचलं नाही, महिनाभर, वर्षभर, तर?

उद्धवराव : तर नुसतं काम कर. मी तीस वर्सं तेच केलंय, मला कुणी काढलं न्हाई.