सोनेरी शिक्क्याचं पुस्तक

पुस्तकांच्या दुकानातल्या रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या. त्यांनी लहान मुलांचं एक चकचकीत चित्रपुस्तक विक्रेत्यापुढे आपटलं.

“हे परत घ्या.”

“फाटलंय का मॅडम?”

“फाटलं असतं तर सुटले असते.”

“अहो, याला यंदाचं बक्षीस मिळालंय. हा बघा, सोनेरी शिक्का.”

“शिक्का बघूनच तर घेतलं! शेजारीपाजारी सगळ्यांकडे आहे.”

“मग मुलीला आवडलं नाही का?”

“आवडलं नाही? उशाशी घेऊन झोपते. घरात येईल त्याला दाखवत सुटते.”

“मग बिघडलं कुठे?”

“यातली ही अस्वलाची आई बघा. पिल्लू हाका मारून दमलंय आणि ही मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीय. मुलांसाठी असली चित्रं काढतात का?”

“परीक्षकांना हेच पान फार भावलं म्हणे.”

“परीक्षकांचं काय जातंय! काल या पानावर बोट ठेवून लेक माझ्या सासूबाईंना म्हणाली, ‘आजी, ही बघ आई.’”

“मग? त्या काय म्हणाल्या?”

“चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगदी हुबेहूब गं!’”

“बरं, मग बदल्यात कुठलं देऊ?”

“बक्षीसवालंच द्या. फक्त त्यात आई नको.”