दुखतंय म्हणायची तालीम

विशालाक्षी : पुन्हा विचारते हं, आत्या. मी आता तुमची सून नव्हे, मद्रासचा डॉक्टर. डाव्या अंगाला कसं वाटतंय?

रुक्मिणीबाई : बरं आहे हो, डॉक्टर. आपल्या घरी सगळी खुशाल?

विशालाक्षी : आत्या!

रुक्मिणीबाई : अगे, समोरच्या माणसाची विचारपूस नको करायला?

विशालाक्षी : तो तुमच्या डोक्याला बारीक भोक पाडून आत तार सोडणार आहे. केसासारखी. तिच्यातून अगदी हलकी वीज. तुम्ही जाग्या असणार. तार कुठं पोचली की अंगातली आग विझते ते त्याला दिसत नाही, तुम्हीच सांगायचं. तुम्ही ‘बरं आहे’ म्हणालात की तो तिथंच थांबणार.

रुक्मिणीबाई : बरंच झालं. लवकर सुटका.

विशालाक्षी : आणि आग तशीच राहणार! डोकं पुन्हा पुन्हा उघडता येत नाही.

रुक्मिणीबाई : सवाष्ण असून केस उतरवायला मी कबूल झालें, पोरी. पण परक्या पुरुषांपुढं ‘जळलें, मेलें’ म्हणून ओरडूं? ह्या घरात माझी तीन बाळंतपणं झाली. ओसरीवरच्यांना बाळाचा आवाज आला, माझा नाही.

(विशालाक्षीचा नवरा एकोजी बाहेरून येतो.)

एकोजी : आई, तिकिटं दे. स्टेशनवर परत करून येतो.

विशालाक्षी : अहो, गाडी दुपारची आहे!

एकोजी : सकाळीच आई म्हणाली, बरं आहे. काल अप्पांनाही तेच म्हणाली. बऱ्या बाईचं डोकं कशाला उघडायचं? डॉक्टर स्वतःच म्हणतो, हे नवं आहे, परदेशात थोड्यांवर केलंय, खात्री देत नाही. वाचाच गेली तर?

विशालाक्षी : मलाही भीती वाटते. पण तुम्ही बघता का त्यांच्याकडे? कोरडा पदर सोसत नाही म्हणून ओला करून घेतात. पंख्याचा वारा नको म्हणतात. मला चुलीपाशी म्हणाल्या, नाचियारकोविलला समईच्या साच्यात पितळ ओततात ना, तसं अंगात ओतलंय.

एकोजी : कॉलेजात शिकलीस म्हणून आईच्या अंगातलंही कळायला लागलं वाटतं?

विशालाक्षी : दिवसभर घरात असते म्हणून.

रुक्मिणीबाई : सरी, सरी, पुरे. रंगा उठेल.

विशालाक्षी : उठलाच आहे. घ्या तुमच्या नातवाला. उजवीकडे नको. डावीकडे.

रुक्मिणीबाई : …दे.

विशालाक्षी : डाव्या अंगाला कसं वाटतंय?

रुक्मिणीबाई : बरं आहे.

विशालाक्षी : ओठ पांढरे पडलेत तुमचे. मी खालून हात धरलाय, तो पडणार नाही. पण तुम्ही सांगेपर्यंत उचलणारही नाही.

एकोजी : विशा! वेड लागलंय का तुला?

विशालाक्षी : तुम्ही विचारा. मी विचारून थकले.

एकोजी : आई? …आई, कसं वाटतंय?

रुक्मिणीबाई : बरं… अय्यो, काढ! काढ गे त्याला! जळतंय!

विशालाक्षी : घेतला. घेतला, आत्या. रंगा, उगी. माझं चुकलं, आत्या. दुसरं काही सुचेना मला.

एकोजी : असं कधीपासून?

रुक्मिणीबाई : महामखाच्या स्नानाची गर्दी ओसरल्यावर अर्धांगाचा झटका आला ना, तेव्हापासून.

एकोजी : कधी थांबत नाही?

रुक्मिणीबाई : झोपेत थांबत असेल. झोप लागली तर.

एकोजी : अगं, मी रोज विचारायचो की! एक दिवस चुकवला नाही.

रुक्मिणीबाई : विचारायचास, बाळ. चपला घालता घालता.

विशालाक्षी : गाडीला अजून वेळ आहे. आत्या, पुन्हा एकदा विचारू?

रुक्मिणीबाई : तू नको. त्याला विचारूं दे. बसून.